चार अंश उत्तरेला सरकलेली नदी

सॅम्युअल हर्न या इंग्रज दर्यावर्द्याचे प्रवासवर्णन १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात कॉपरमाइन नदीचे मुख ७१ अंश ५४ मिनिटे उत्तर अक्षांशावर असल्याचे नोंदवलेले होते. प्रत्यक्षात ही नदी ६७ अंश ४९ मिनिटांच्या आसपास समुद्राला मिळते. म्हणजे जो माणूस स्वतः तिथवर चालत गेला, त्याने ती नदी सुमारे साडेचारशे किलोमीटर उत्तरेला नेऊन ठेवली. ही चूक मला वर्षानुवर्षे खुणावत आली आहे, कारण ती कशी घडली याचा माग काढू लागले की या नदीचा बराचसा इतिहास हाती लागतो. बाहेरून इथे आलेल्या प्रत्येकाला हवे होते ते काही वेगळेच होते. कोणाला तांबे हवे होते, कोणाला पॅसिफिककडे जाणारा समुद्रमार्ग, तर कोणाला हिरे. नदी नीट ठाऊक असलेली माणसे मात्र आधीपासून तिच्या काठी होती, आणि आलेल्यांपैकी जे जिवंत परतले ते बहुतेक त्यांच्याच आधाराने परतले.

आधी भूगोल पाहू. कॅनडाच्या वायव्य प्रदेशांची राजधानी असलेल्या येलोनाइफच्या ईशान्येला, सुमारे तीनशे किलोमीटरवर, लाक द ग्रा नावाचे मोठे सरोवर आहे. कॉपरमाइन तिथून निघते आणि सुमारे ८४५ किलोमीटर वाहून कोरोनेशन आखातात, म्हणजेच आर्क्टिक महासागरात, जाते. वरच्या टप्प्यात तिला नदी म्हणावे की सरोवरांची साखळी, असा प्रश्न पडतो. पॉइंट लेक, रेडरॉक लेक अशा लांबलचक सरोवरांमधून पाणी पश्चिमेकडे आणि वायव्येकडे संथपणे सरकत राहते, आणि दोन सरोवरांच्या मधल्या अरुंद जागीच काय तो प्रवाह जाणवतो. ही कॅनेडियन ढालीची भूमी आहे. इथले खडक पृथ्वीवरील अतिप्राचीन खडकांत मोडतात, आणि शेवटच्या हिमयुगातील बर्फाच्या थराने ते इतके खरवडून काढले आहेत, की पाण्याला वाहायला धड उतारच उरलेला नाही. जिथे खळगा दिसेल तिथे ते साचते आणि ओसंडले की पुढच्या खळग्यात जाते.

सरोवरांची साखळी संपली की नदी उत्तरेला वळते आणि तिचा स्वभाव पालटतो. दरी खोल होते, प्रवाहाला वेग येतो, आणि आर्क्टिक वृत्त ओलांडून पुढे गेल्यावर एकामागून एक द्रुतवाह, म्हणजे खडकांतून उसळत वेगाने धावणारे पाणी, लागतात. काठावर कुठे काळ्या बेसॉल्टचे कडे दिसतात, कुठे तांबूस वालुकाश्म, तर कुठे मातीच्या उंच, सतत ढासळणाऱ्या दरडी. हिमथराच्या भाराने दबलेली ही जमीन बर्फ वितळल्यावर लगेच वर आली नव्हती, त्यामुळे त्या काळात समुद्र बराच आत शिरला होता. खालच्या टप्प्यातील चिकणमाती ही बरीचशी त्याचीच ठेव आहे. आजूबाजूचे पठार वृक्षरेषेच्या पलीकडचे, उघडेबोडके आहे. दरीच्या आडोशाला मात्र स्प्रूसची खुरटी झाडे नदीच्या सोबतीने पुष्कळ उत्तरेपर्यंत जातात, आणि समुद्र जवळ आला की तीही मागे राहतात. मुखापासून सुमारे पंधरा किलोमीटर अलीकडे नदी एका अरुंद घळीत शिरते. इंग्रजी नकाशांवर या जागेचे नाव ‘ब्लडी फॉल्स’ असे आहे, आर्क्टिक किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी इनुइट तिला ‘कुग्लुक’ म्हणतात. नावात धबधबा असला तरी इथे पाणी कड्यावरून कोसळत नाही. खडकांच्या कोंडीतून ते फेसाळत, उतारावरून घसरत गेल्यासारखे खाली जाते. समुद्रातून वर येणाऱ्या ‘आर्क्टिक चार’ जातीच्या माशांना या जागी थोडे थांबावे लागते, आणि म्हणूनच शेकडो वर्षे माणसे इथे मासेमारीसाठी येत राहिली आहेत.

तांब्याची वार्ता हडसन उपसागरापर्यंत पोहोचली ती डेने लोकांकडून, म्हणजे दक्षिणेकडच्या अरण्यप्रदेशातील मूळ रहिवाशांकडून. चर्चिल नदीच्या मुखाशी असलेल्या हडसन्स बे कंपनी या इंग्रज व्यापारी कंपनीच्या ठाण्यावर चिपेवायन डेने फरच्या व्यापारासाठी येत असत, आणि सोबत कधी तांब्याचे तुकडे, कधी तांब्याची हत्यारे आणत. दूर वायव्येला एक नदी असून तिच्याजवळ हा धातू दगडांसारखा पडलेला आहे, असे ते सांगत. कंपनीच्या कानांना हे गोड लागणे साहजिकच होते. १७१९ मध्ये जेम्स नाइट तांबे, सोने आणि समुद्रमार्ग शोधायला दोन जहाजे घेऊन निघाला, आणि त्याच्या मोहिमेतील कोणीही परतले नाही. पन्नास वर्षांनी कंपनीने जमिनीवरून माणूस पाठवायचे ठरवले. तो चोवीस वर्षांचा हर्न.

नोव्हेंबर १७६९ मधला त्याचा पहिला प्रयत्न महिनाभरातच संपला, कारण वाटाड्यांनी त्याला वाटेतच सोडून दिले. फेब्रुवारी १७७० मधला दुसरा प्रयत्न बराच लांबला. त्यात ऑगस्टमध्ये त्याचा क्वाड्रंट, म्हणजे सूर्याची उंची मोजून अक्षांश काढण्याचे उपकरण, वाऱ्याने पडून फुटला. उपाशी आणि लुबाडला गेलेला हर्न परतत असताना त्याला मातोनाबी भेटला. हा चिपेवायनांचा मोठा पुढारी होता. त्याचे काही बालपण ठाण्यावर गेले होते, आणि क्री भाषाही त्याला येत होती. हर्नच्या अपयशाचे त्याने केलेले निदान सरळ होते: मोहिमेत बायका नव्हत्या. बाई दोन पुरुषांइतके ओझे वाहते वा ओढते, तंबू ठोकते, कातडी कमावून कपडे शिवते, आणि तिच्यावाचून शिकारीच्या मागे दूरवर जाता येत नाही, असे त्याचे म्हणणे हर्नने लिहून ठेवले आहे. त्यामागची पुरुषी मग्रुरी आज खटकते आणि खटकायलाच हवी. तरीही या दौडींचा भार कोणाच्या पाठीवर होता याची इतकी स्पष्ट कबुली त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या प्रवासवर्णनात मला क्वचितच आढळली आहे.

डिसेंबर १७७० मध्ये मातोनाबीच्या सोबत हर्न तिसऱ्यांदा निघाला, आणि ही मोहीम खऱ्या अर्थाने मातोनाबीचीच होती. तो सरळ वायव्येला गेला नाही. हिवाळाभर अरण्याच्या कडेकडेने पश्चिमेला सरकत राहिला, कारण हिवाळ्यात कॅरिबू, म्हणजे तिथली रेनडिअर हरणे, त्या झाडीत असतात आणि माणसांचे पोट कॅरिबूंवर अवलंबून होते. वसंतात होड्या बांधून मग त्याने उत्तरेची वाट धरली. वाटेत आणखी पुरुष येऊन मिळाले. त्यांचा हेतू तांबे नव्हता, तर नदीच्या मुखाजवळच्या इनुइटांवर हल्ला करणे हा होता. डेने आणि इनुइट यांचे वैर जुने होते. १७ जुलै १७७१ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, त्यांनी कुग्लुकच्या काठी तंबूंत झोपलेल्या इनुइटांना गाठून वीसहून अधिक माणसे मारली. आपल्या पायांशी लोळण घेतलेल्या एका मुलीला भाल्यांनी भोसकल्याचे वर्णन हर्नने केले आहे, आणि पुढे हाच प्रसंग त्याच्या पुस्तकाची ओळख होऊन बसला. हे पुस्तक प्रवासानंतर दोन तपांनी आणि हर्नच्या मृत्यूनंतर छापले गेले, आणि दरम्यान मजकुरावर बरेच हात फिरले होते, त्यामुळे त्या वर्णनातील तपशील अभ्यासक सावधपणे वाचतात. मला खटकते ते दुसरेच. शेकडो वर्षांची मासेमारीची जागा एका रात्रीच्या, एका परक्या साक्षीदाराच्या वर्णनावरून जगभर ओळखली जाऊ लागली.

हल्ल्यानंतर हर्न मुखापर्यंत गेला. तिथे ओहोटी होती आणि पाणी चाखले तर गोडे लागले. पण बर्फावर सील पडलेले दिसत होते आणि इनुइटांच्या तंबूंजवळ देवमाशाची हाडे होती, त्यावरून हा समुद्रच, असे त्याने ठरवले. जुलै निम्मा उलटूनही बर्फ किनाऱ्यापासून फार हटले नव्हते. नदी उथळ, खडकाळ आणि द्रुतवाहांनी भरलेली असल्याने तिच्यातून जहाज येण्याचा प्रश्नच नव्हता. मग तांब्याची खाण. जिथे दगडांऐवजी तांबेच उचलावे अशी ख्याती होती, तिथे त्याला खडक-गोट्यांचा नुसता पसारा दिसला, आणि चार तास शोधल्यावर नाव घेण्याजोगा एकच तुकडा मिळाला. त्याचे वजन सुमारे चार पौंड, म्हणजे दोन किलोंहूनही थोडे कमी. कंपनीच्या अर्धशतकाच्या स्वप्नाचा हिशेब एवढ्यावर मिटला.

त्या चार अंशांचे मूळही इथेच सापडते. फुटलेल्या उपकरणाच्या जागी हर्नला ठाण्यावरचा एक जुनापुराणा क्वाड्रंट मिळाला होता. मुखाशी धुके आणि पाऊस होता, आणि सोबतच्यांना परतायची घाई होती. त्याने सूर्य मोजलाच नाही. आधीच्या शेवटच्या मोजणीपासून किती चाललो आणि कोणत्या दिशेने चाललो याच्या अंदाजावरून त्याने अक्षांश मांडला. दलदलीतून, खडकांवरून, शिकारीच्या मागे वळणे घेत चालणाऱ्याला दिवसाची मजल नेहमी जास्तच वाटते, आणि असे शेकडो मैल साठले की नदी दुसऱ्याच अक्षांशावर जाऊन पडते. लंडनच्या विद्वानांनी त्यावर त्याला बरेच धारेवर धरले. पण हडसन उपसागरापासून पश्चिमेला इतके अंतर चालूनही वाटेत समुद्राची एकही खाडी आडवी आली नाही, म्हणजे त्या अक्षांशांवर खंडातून आरपार जाणारा जलमार्ग नाही, हा त्याचा निष्कर्ष अचूक होता. १७७६ मध्ये पॅसिफिककडून मार्ग शोधायला निघालेल्या कॅप्टन कुकला ६५ अक्षांशापासून वरच शोध सुरू करण्याचे जे आदेश मिळाले, त्यांमागे हर्नची ही पायपीट होती.

मातोनाबीचा शेवट वाईट झाला. १७८२ मध्ये फ्रेंच आरमाराने चर्चिलचे ठाणे घेतले आणि हर्नला शरण जावे लागले. ही बातमी कळल्यावर मातोनाबीने गळफास लावून घेतला. त्याच सुमारास देवीच्या साथीने चिपेवायनांची वस्तीच्या वस्ती संपत होती.

हर्ननंतर बरोबर पन्नास वर्षांनी, जुलै १८२१ मध्ये, ब्रिटिश नौदलाचा अधिकारी जॉन फ्रँकलिन याच नदीतून खाली आला. ब्रिटिश नौदलाला तिच्या मुखापासून पूर्वेचा किनारा नकाशावर हवा होता. हर्नची चूक दुरुस्त झाली ती याच मोहिमेत. आदल्या हिवाळ्यात फ्रँकलिनने नदीच्या दक्षिणेला, विंटर लेकजवळ, फोर्ट एंटरप्राइज नावाचा लाकडी मुक्काम उभारला होता, आणि येलोनाइफ डेने लोकांचा पुढारी अकैचो याच्या शिकाऱ्यांनी त्याच्या माणसांना पोसले होते. ‘येलोनाइफ’ हे नावही या लोकांना त्यांच्या तांब्याच्या सुऱ्यांवरून मिळाले. अकैचोने १८२० च्या ऑगस्टमध्येच, ऋतू संपला आहे, आता समुद्राकडे गेलात तर परतणार नाही, असे बजावले होते. त्या वर्षी फ्रँकलिनने मनाविरुद्ध ऐकले, पण पुढच्या वर्षी वीस माणसे दोन बार्क होड्यांत घालून तो समुद्रात उतरला आणि ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत पूर्वेला जात राहिला. त्याने ज्या टोकावरून माघार घेतली त्याचे नाव त्यानेच ‘पॉइंट टर्नअगेन’ असे ठेवले.

परतीची वाट उघड्या माळावरून होती. होड्या मोडल्या किंवा टाकून द्याव्या लागल्या, शिकार मिळेना, आणि माणसे खडकांवरचे दगडफूल खरवडून, उकळून खाऊ लागली. सप्टेंबरच्या अखेरीस ती कॉपरमाइनच्या काठी पोहोचली. मुक्काम पलीकडे होता, आणि आता जवळ होडी नव्हती. विलोच्या ओल्या फांद्यांचा तराफा बांधला, तर तो नीट तरंगेना आणि वल्हवायला काही नव्हते. डॉक्टर जॉन रिचर्डसनने कमरेला दोर बांधून पोहत जाण्याचा प्रयत्न केला. आधी हात बधिर झाले, मग पाय, आणि पलीकडचा काठ आवाक्यात आला असताना तो बुडाला. सोबत्यांनी दोर ओढून त्याला बाहेर काढले आणि शेकोटीशी ठेवले. शेवटी दुभाष्या पिएर सेंट जर्मेनने सामान गुंडाळायच्या रंगवलेल्या कापडाची, विलोच्या सांगाड्यावर, एका माणसापुरती होडी शिवली आणि ४ ऑक्टोबरला एकेकाला पार नेले. त्या एका काठावर आठवड्याहून अधिक काळ गेला, आणि बहुधा तिथेच कित्येकांचे मरण ठरून गेले.

मुक्कामावर पोहोचल्यावर तिथे ना माणूस होता, ना अन्नाचा कण. ठरल्याप्रमाणे साठा ठेवला गेला नव्हता. अकैचोचे काही शिकारी बुडून मेले होते, त्याच्याजवळ दारूगोळा उरला नव्हता, आणि हे लोक परततील यावर त्याचा विश्वासही नव्हता. गेल्या हिवाळ्यात टाकलेली हाडे आणि कातडी उकळून माणसे दिवस काढू लागली. दरम्यान मागे राहिलेल्या एका गटात मिडशिपमन रॉबर्ट हुड याला गोळी लागून मृत्यू आला, आणि रिचर्डसनने त्याचा ठपका ठेवून मिशेल नावाच्या इरोक्वा जमातीच्या व्हॉयेजरला, म्हणजे होड्या वल्हवणाऱ्या मजुराला, ठार मारले. वीसांपैकी अकरा जण गेले. मोहिमेतील अधिकारी जॉर्ज बॅक पुढे जाऊन अकैचोला शोधू शकला म्हणून ७ नोव्हेंबरला त्याचे लोक मांस घेऊन आले. त्यांनी या माणसांना हाताने भरवले, मुक्काम स्वच्छ केला आणि शेकोटी पेटवली. इंग्लंडमध्ये फ्रँकलिनची ‘स्वतःचे बूट खाणारा माणूस’ म्हणून वाहवा झाली. मेलेल्या अकरांत बहुतेक सगळे ओझी वाहणारे व्हॉयेजर होते आणि चार ब्रिटिश अधिकाऱ्यांपैकी फक्त हुड गेला, ही गोष्ट त्या कौतुकात मागे पडली.

यानंतरच्या मोहिमा इतक्या भीषण झाल्या नाहीत. १८२६ मध्ये रिचर्डसन मॅकेंझी नदीकडून किनाऱ्याने येऊन या मुखाशी पोहोचला, तर १८३८ आणि १८३९ मध्ये हडसन्स बे कंपनीच्या डीझ आणि सिम्पसन यांनी हीच नदी वाट म्हणून वापरली. मग बाहेरच्या जगाला तिचा बराच काळ विसर पडला.

विसाव्या शतकात बाहेरचे जग पुन्हा आले ते धर्म आणि कायदा घेऊन. १९१३ मध्ये रूव्हिएर आणि ल रू हे दोन फ्रेंच पाद्री कुग्लुकजवळ मारले गेले. सिनिसियाक आणि उलुक्सुक या दोन इनुइटांवर त्यासाठी १९१७ मध्ये एडमंटनला आणि नंतर कॅल्गरीला खटला चालला. पहिल्या खटल्यात सिनिसियाक निर्दोष ठरला, दुसऱ्यात दोघेही दोषी, आणि फाशीची शिक्षा पुढे जन्मठेपेत बदलली गेली. पाद्र्यांनी बंदुकीने धमकावून आपल्याला बर्फगाडी ओढायला लावल्याचे त्या दोघांचे म्हणणे होते. हजारो किलोमीटर दूरच्या शहरात, जिची भाषा आणि रीत दोन्ही परकी अशा न्यायसभेपुढे त्यांना उभे केले गेले. त्याच वर्षांत कॅनडाच्या आर्क्टिक मोहिमेतील डायमंड जेनेस या मानववंशशास्त्रज्ञाने या किनाऱ्यावरच्या इनुइटांबरोबर राहून त्यांचे जगणे नोंदवले. बाहेरचे लोक त्यांना ‘कॉपर इनुइट’ म्हणत. ते स्वतःला इनुइनाइत म्हणवतात.

हर्नची निराशा झाली, पण तांबे खोटे नव्हते. सुमारे १२७ कोटी वर्षांपूर्वी या भागात लाव्ह्याचे प्रचंड थर साचले, आणि त्या बेसॉल्टच्या भेगा-पोकळ्यांत शुद्ध धातुरूप तांबे जमले. असे तांबे खनिजातून वितळवून काढावे लागत नाही. हिमथराने आणि नदीने खडक फोडले की त्याचे पत्रे आणि गोळे गोट्यांमध्ये सुटे सापडतात. इनुइनाइत आणि डेने दोघेही ते दगडाने ठोकून सुऱ्या, हार्पूनची टोके, बर्फ फोडायच्या पहारी घडवत. जिथे पोलाद नाही तिथे असा एक तुकडा पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. त्यांच्या लेखी नदी तांब्याने भरलेली होती ती या अर्थाने, आणि जहाज भरून तांबे न्यायला आलेल्याच्या लेखी ती रिकामी होती.

पुढे खाण निघाली, पण ती दुसऱ्या टोकाला आणि दुसऱ्याच वस्तूची. चक फिप्की आणि स्टुअर्ट ब्लुसन या भूशास्त्रज्ञांनी हिमथराने पसरवलेल्या वाळूतील गार्नेटसारख्या सूचक खनिजांचा माग घेतला. बर्फ ज्या दिशेने सरकले होते तिच्या उलट, पश्चिमेकडून पूर्वेकडे, वर्षानुवर्षे नमुने गोळा करत ते लाक द ग्राच्या परिसरात पोहोचले, आणि १९९१ मध्ये हिरे सापडल्याचे जाहीर झाले. १९९८ मध्ये एकाती खाण सुरू झाली, २००३ मध्ये डायाविक. डायाविक तर लाक द ग्रामधल्या एका बेटावर आहे. किंबर्लाइट या हिरे असलेल्या खडकाचे नळीसारखे उभे साठे सरोवराच्या तळाखाली असल्याने पाण्यात बांध घालून, आतले पाणी उपसून खोदकाम करावे लागले, आणि अवजड सामान हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरांवरून जाणाऱ्या बर्फाच्या रस्त्याने आणावे लागले. कॉपरमाइनचा उगमच असा खाणीच्या अंगणात आला.

याच काळात बाथर्स्ट कॅरिबूंचा कळप कोसळला. १९८६ मध्ये त्यात सुमारे ४,७०,००० प्राणी होते, २०१८ मध्ये सुमारे ८,२००. याचा सारा दोष खाणींवर टाकणे घाईचे ठरेल, कारण खाणींपासून दूरचे कळपही घटले आहेत आणि हवामान, चारा, लांडगे, शिकार अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली आहेत. पण खाणींच्या आणि रस्त्यांच्या जवळून जायला कॅरिबू कचरतात, हे डेने शिकारी सांगत आले आहेत आणि निरीक्षणांतूनही दिसले आहे. सरोवरांमधल्या ज्या अरुंद जागी कळप पाणी ओलांडत, तिथेच पूर्वजांचे मुक्काम असत आणि दगडाची हत्यारे आजही तिथे मिळतात.

मुखाशी असलेल्या गावाने १ जानेवारी १९९६ रोजी ‘कॉपरमाइन’ हे नाव सोडून ‘कुग्लुक्तुक’ हे नाव घेतले. १९९९ मध्ये नुनावुत हा वेगळा प्रदेश झाला, आणि नदीचा खालचा भाग त्यात गेला. गावाची वस्ती सुमारे चौदाशे आहे. कुग्लुकला आता प्रादेशिक उद्यान आहे आणि लोक अजूनही तिथे ‘चार’ जातीचे मासे पकडायला जातात. तांब्याचा शोधही थांबलेला नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे खाणींसाठी जमिनीवर दावे ठोकण्याची एकच झुंबड उडाली होती, आणि अलीकडे कंपन्या पुन्हा भूगर्भ तपासू लागल्या आहेत. १९९३ च्या नुनावुत करारामुळे मात्र आता इनुइटांच्या मालकीच्या जमिनीवर पाय ठेवण्यापूर्वी त्यांच्या संस्थांची परवानगी घ्यावी लागते, आणि त्यांतल्या काही जमिनींखालच्या धातूवरही हक्क त्यांचाच आहे.